पिवळा दिवा आणि तडकलेली रिंग

रत्नागिरीच्या मारुती मंदिर सर्कलला गाडी थांबत आली की ब्रेकचं पेडल पायाखाली कर्रर्र करून थरथरायचं. वेग जेमतेम दहाचा, रस्ता कोरडा, ब्रेक अलगद दाबलेला, आणि तरी शेवटच्या दोन-तीन हातांत गाडी पुढे घरंगळायची. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. हे मे महिन्यात सुरू झालं. जूनमध्ये आईला डोळे दाखवायला कोल्हापूरला नेलं होतं. परतताना आंबा घाट उतरताना धो धो पाऊस, समोर दुधाचा टेम्पो, आणि नेमका त्या वेळी एबीएसचा पिवळा दिवा लागला. आई चौऱ्याऐंशी वर्षांची, शेजारच्या सीटवर डोळ्यांत औषध घालून मिटून बसलेली. तिला काही न सांगता दुसरा गिअर टाकला आणि साखरप्यापर्यंत गाडी अगदी सावकाश आणली.

मी ३१ वर्षं कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. गाडी २०११ सालची, लहान, पेट्रोलवरची. त्या काळी एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) फक्त वरच्या मॉडेलला मिळायचं. यजमानांनी जास्तीचे पैसे घालून तेच घेतलं, कारण आमचं जाणं-येणं घाटातलं. भारतात सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून. त्याआधी ते वरच्या मॉडेलांत मिळतच होतं, म्हणून आज रस्त्यावर अशा असंख्य गाड्या आहेत ज्यांच्यात एबीएस आहे, पण त्याला दहा-पंधरा पावसाळे झाले आहेत. या गाड्यांचा पिवळा दिवा लागला की मालकाला बहुतेक वेळा दोनच सल्ले मिळतात: "चालू दे, काही होत नाही", नाहीतर "युनिट बदलावं लागेल." दोन्ही मी ऐकले. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

त्या दिव्याचा अर्थ आधी नीट समजून घ्यायला हवा. फक्त पिवळा दिवा लागला असेल तर गाडीच्या संगणकाला एबीएसमध्ये काहीतरी चूक दिसली आणि त्याने ती यंत्रणा बंद करून ठेवली. नेहमीचा ब्रेक शाबूत असतो. गाडी थांबते, पण ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर चाकं जागच्या जागी अडकून गाडी घसरू शकते, आणि चाक अडकलं की स्टिअरिंग फिरवून उपयोग नसतो. पिवळ्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही लागला तर मात्र गाडी पुढे नेऊ नये. आधी हँडब्रेक पूर्ण सुटला आहे का ते बघा, मग ब्रेक ऑइलची पातळी बघा. दोन्ही ठीक असताना दोन्ही दिवे लागलेले राहिले तर पुढच्या आणि मागच्या चाकांत जोर वाटून देणारी व्यवस्थाही बंद पडलेली असू शकते. तेव्हा मागची चाकं आधी अडकून गाडी फिरण्याची भीती असते. अशी गाडी उचलून गॅरेजला न्यावी. आणि पेडल मऊ लागत असेल किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, तर तो विषयच वेगळा. तिथे ऑइल गळतंय, पाइपात हवा आहे किंवा मास्टर सिलिंडर गेला आहे. पिवळ्या दिव्याची वाट न बघता त्याच दिवशी ते काम करून घ्यावं.

पहिल्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. पुढच्या उजव्या चाकाच्या सेन्सरचा कोड आला. सेन्सर बदलला, २,६०० रुपये झाले, दिवा गेला. आठव्या दिवशी परत लागला. आता निदान निघालं की एबीएसचं युनिटच गेलं आहे, ४२,००० रुपये. चौदा वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च करण्याआधी मला काही मोजमाप बघायचं होतं. रोध किती, व्होल्टेज किती, ते कोणी मोजलं, असं विचारलं. कोणीच मोजलं नव्हतं. राग आलाच, कारण प्रयोगशाळेत न मोजता लिहिलेलं उत्तर आम्ही कधी तपासायलाही घेतलं नाही.

स्कॅनर खोटं बोलला नव्हता. त्याच्या कोडचा अर्थ चुकीचा लावला होता. कोड सांगतो की पुढच्या उजव्या चाकाकडून येणारा संदेश बिघडला आहे. त्या संदेशाच्या वाटेवर सेन्सर आहे, त्याची वायर आहे, दोन-तीन कपलर आहेत, सेन्सरसमोर फिरणारी दातेरी रिंग आहे, चाकाचं बेअरिंग आहे, आणि शेवटी संगणक आहे. कोड म्हणजे गल्लीचं नाव. घर आपल्यालाच शोधावं लागतं. अजून एक गोष्ट इथेच सांगते. मोबाइलला जोडायची जी स्वस्त स्कॅनर यंत्रं मिळतात, त्यांतली बरीचशी फक्त इंजिनाचे, म्हणजे 'पी'ने सुरू होणारे कोड वाचतात. एबीएसचे कोड 'सी'ने सुरू होतात. त्यामुळे "स्कॅनरमध्ये काही दिसत नाही" असं कोणी म्हटलं तर स्कॅनर एबीएसपर्यंत पोहोचतो का, हे आधी विचारा.

आता या यंत्रणेचं काम. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो. जुन्या पद्धतीच्या सेन्सरात एक चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचं वेटोळं, एवढंच असतं. समोर, साधारण मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी अंतरावर, चाकाबरोबर फिरणारी लोखंडी दातेरी रिंग. दात समोर आला की चुंबकीय क्षेत्र वाढतं, खाच आली की कमी होतं, आणि बदलत्या क्षेत्रामुळे वेटोळ्यात वीज निर्माण होते. फॅरडेने १८३१ साली दाखवलेला हा प्रयोग मी दर जुलैला बारावीच्या मुलांसाठी मांडत असे: वेटोळं, गॅल्व्हानोमीटर आणि एक पट्टीचुंबक. चुंबक आत नेला की काटा एकीकडे, बाहेर काढला की दुसरीकडे. माझ्याच गाडीच्या चारही चाकांत तोच प्रयोग रात्रंदिवस चालू होता, आणि हे मला साठाव्या वर्षी कळलं, याचा आनंद अजून ओसरलेला नाही.

या विजेच्या लाटा मोजून संगणक चारही चाकांचा वेग काढतो. ब्रेक दाबल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा एकाएकी फारच मंद झालं, तर ते अडकायच्या बेतात आहे असं तो धरतो. मग बोनेटखालच्या युनिटातली झडप त्या चाकाकडे जाणारा दाब रोखते, दुसरी झडप थोडा दाब सोडून देते, पंप तो परत भरतो. सेकंदात अनेक वेळा हे चालतं. पायाखाली जी थरथर जाणवते ती हीच. चाक अडकता अडकता सुटत राहतं, म्हणून गाडी वळवता येते. कल्पना मुळात विमानांची. धावपट्टीवर उतरताना टायर घासून फुटू नयेत म्हणून डनलॉपचं 'मॅक्सरेट' हे यांत्रिक साधन १९५० च्या दशकात विमानांत आलं. १९६६ च्या जेन्सन एफएफ या ब्रिटिश मोटारीत ते बसवलं गेलं. बॉशने बनवलेलं इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं. आजच्या मोटारींतलं एबीएस त्याच वंशातलं.

मी माझ्या ओळखीच्या मेस्त्रींकडे गेले. त्यांचं गॅरेज लहान आहे, पण ते ऐकून घेतात. "ताई, मोजूया म्हणता तर मोजूया," एवढंच म्हणाले.

सुरुवात साध्या गोष्टींपासून केली, कारण त्यांना पैसे लागत नाहीत. बॅटरी आधी. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट, चालू असताना १४ च्या जवळ. बॅटरी दुबळी असली तर स्टार्टरच्या वेळी व्होल्टेज इतकं पडतं की एबीएसचा संगणक स्वतःला बंद करून घेतो. नवी बॅटरी टाकल्यावर दिवा गेला, अशी उदाहरणं मेस्त्रींनी पाहिली होती. मग फ्यूज. एबीएसला एकच फ्यूज नसतो. संगणकाचा लहान आणि पंपाचे-झडपांचे मोठे असे वेगवेगळे असतात, आणि मोठे बहुधा बोनेटखालच्या डब्यात. लहान फ्यूज बघून "फ्यूज ठीक आहे" म्हणणारे बरेच. मग युनिटची अर्थिंगची वायर जिथे बॉडीला आवळलेली असते तिथला गंज. मग मागचा ब्रेकलाइट लागतो का ते, कारण पेडलच्या स्विचवरूनच संगणकाला ब्रेक दाबल्याचं कळतं. आणि टायर: चारही एका मापाचे आहेत ना? एक टायर वेगळ्या मापाचा असला तर त्या चाकाचा वेग कायम वेगळा दिसतो.

सगळं ठीक निघालं. मग गाडी जॅकवर घेतली, मागच्या चाकांना दगड लावले, पुढे दोन्ही बाजूंना घोड्या लावल्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही, हा मेस्त्रींचा नियम आणि माझाही. किल्ली काढून घेतली, सेन्सरचे कपलर सोडले आणि मल्टिमीटर लावला. डावा सेन्सर १,१२० ओहम. उजवा, नवा टाकलेला, १,१५०. अशा वेटोळ्याच्या सेन्सरचा रोध बहुतेक गाड्यांत हजार ओहमच्या आगेमागे असतो, पण आकड्यापेक्षा डाव्या-उजव्याची तुलना जास्त बोलते. वायर हलवून, वाकवून पुन्हा मोजलं. आकडा हलला नाही. पहिल्या गॅरेजने काढलेला उजव्या बाजूचा जुना सेन्सर मी घरून आणला होता. तोही १,१४० दाखवत होता. म्हणजे चांगला सेन्सर काढून टाकला गेला होता.

मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून मेस्त्रींना चाक हाताने फिरवायला सांगितलं, सेकंदाला साधारण एक फेरा. डावीकडे ०.३ व्होल्टच्या आसपास. उजवीकडेही जवळजवळ तितकंच. इथे बरेच जण थांबतात आणि सेन्सर ठीक, वायर ठीक, म्हणजे युनिट गेलं, असा निष्कर्ष काढतात. पण मल्टिमीटर सरासरी दाखवतो. चाळीस-पन्नास लाटांमधली एक बिघडली तर त्याला ती दिसणार नाही.

माझ्याकडे एक जुना सीआरओ, म्हणजे ऑसिलोस्कोप आहे, काचेच्या पडद्यावर हिरवी रेघ उमटवणारा. कॉलेजच्या भंगाराच्या लिलावात मी तो ४०० रुपयांना रीतसर घेतला होता. दुसऱ्या दिवशी तो रिक्षातून गॅरेजला नेला. डाव्या चाकाच्या लाटा एकसारख्या, खाडीच्या पाण्यासारख्या. उजवं चाक फिरवलं आणि दर फेऱ्याला एकदा, ठरावीक जागी, लाटांच्या ओळीत एक फट आली. दातांच्या ओळीतला एक दात पडावा तशी. मेस्त्री चाक फिरवता फिरवता थांबले, वाकून पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "रिंग फुटली."

टॉर्च घेऊन फुटलेली जागा शोधली. चाकाकडच्या एक्सलच्या जॉइंटवर ही रिंग घट्ट बसवलेली असते. चिखल आणि जांभ्याच्या लाल मातीचा थर ब्रशने काढला, खडूने एका दातावर खूण केली आणि एकेक दात पुढे सरकवत गेलो. फट नखाला लागली. दिसायला केसाएवढी, पण दोन दातांमधलं अंतर तिथे वाढलं होतं. कारणही समोर होतं. रिंगच्या खाली एक्सलवर गंज धरला होता. लोखंडाचा गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. आमच्याकडे समुद्राच्या बाजूच्या घरांत स्लॅबमधली सळी गंजून फुगते आणि वरचं काँक्रीट तडकतं, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. रिंगचं तेच झालं होतं. खारा वारा, चार महिने पाऊस आणि चौदा वर्षं.

आता मे महिन्यातली ती कर्रर्रही समजली. फट सेन्सरसमोर येते तेव्हा पुढचा दात उशिरा पोहोचतो, आणि संगणकाला वाटतं की चाक एकाएकी मंद झालं. गाडी वेगात असताना एवढ्या अवधीत पुष्कळ दात निघून जातात, त्यात एक चुकलेला दात बुडून जातो. दहाच्या वेगाला मोजकेच दात असतात, तिथे तो एकच मोठा ठरतो. म्हणून गाडी थांबत आली की एबीएस विनाकारण जागं व्हायचं आणि त्या चाकाचा ब्रेक सोडून द्यायचं. कोरड्या रस्त्यावर, हलक्या ब्रेकला, अगदी थांबताना पेडल थरथरत असेल आणि दिवा लागत नसेल, तर मी सगळ्यात आधी रिंगवर संशय घेईन. पुढे फट रुंदावली, संदेश संगणकाला मान्य होईना, तेव्हा दिवा लागला.

सगळ्या गाड्यांत अशी उघडी रिंग नसते. नव्या गाड्यांचा सेन्सर वेगळ्या जातीचा असतो, त्याला गाडीकडून वीज द्यावी लागते, आणि रिंगच्या जागी बेअरिंगच्या सीलमध्ये बारीक चुंबकांची पट्टी असते. त्या सेन्सरचा रोध मल्टिमीटरने मोजू नये. काही कळत तर नाहीच, सेन्सरला इजाही होऊ शकते. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीला मागचं बेअरिंग नवं टाकलं आणि त्याच संध्याकाळी एबीएसचा दिवा लागला. बेअरिंग उलटं बसलं होतं, चुंबकाची बाजू सेन्सरच्या विरुद्ध. दोन्ही बाजू वरून सारख्याच काळ्या दिसतात. दुसरं बेअरिंग आलं तेव्हा मी त्यावर पातळ कागद ठेवून लोखंडाचा बारीक कीस भुरभुरला. एका बाजूला कीस कसाही पसरला, दुसऱ्या बाजूला सूर्याच्या किरणांसारख्या रेघा उमटल्या. ती चुंबकाची बाजू. कागद अलगद उचलायचा, कीस बेअरिंगमध्ये पडू द्यायचा नाही, एवढी काळजी हवी.

उंदरांचं तर सांगायलाच नको. पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहिली की त्यांना बोनेटखाली ऊब मिळते. वायर कुरतडलेली असेल तर मल्टिमीटर रोध दाखवतच नाही, परिपथ तुटलेला असतो. अशा वेळी नव्या सेन्सरच्या किमतीत न जाता वायर नीट जोडून, त्यावर पाणी न शिरेल असं आवरण चढवून काम होतं.

आणि युनिट? तेही बिघडतं. त्याच्या आतल्या पट्टीवरचे डाखाचे सांधे वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने सुटतात, पंपाची मोटर अडकते. पण चारही चाकांचे संदेश, वीज आणि अर्थिंग तपासून झाल्यावरच त्याच्याकडे वळावं, आणि तेव्हाही नवं घेण्याआधी दुरुस्त करून देणारा कारागीर शोधावा. सेन्सरचा ब्रेकच्या पाइपांशी संबंध नसतो. युनिट सोडलं तर मात्र ब्रेकचे पाइप सुटतात, आत हवा शिरते, आणि ती पूर्ण काढायला बऱ्याच गाड्यांत स्कॅनरनेच पंप चालवावा लागतो. घरच्या घरी करण्याचं ते काम नाही.

आमची रिंग एकटी मिळेना. दुकानदार अख्खा जॉइंटच घ्या म्हणत होते. मेस्त्रींनी कोल्हापूरहून मागवली. दात मोजूनच मागवली, कारण एक दात कमी-जास्त झाला तरी ते चाक कायम वेगळ्या वेगाचं दिसेल. जुनी रिंग छिन्नीने सोडवली, एक्सलवरचा गंज पॉलिश पेपरने पार धातू दिसेपर्यंत घासला. नवी रिंग माझ्या घरच्या ओव्हनमध्ये तापवून नेली, जाड फडक्यात गुंडाळून. तापल्यावर ती किंचित मोठी होते आणि ठोकाठोक न करता जागेवर सरकते. हातोडा मारला तर ती वाकडी बसते आणि लाटा पुन्हा डगमगतात. जॉइंट तापवायचा नाही, त्याचं रबर आणि ग्रीस जळतं. रिंग निवल्यावर घट्ट बसली. सीआरओवर पाहिलं, डावी-उजवी एकसारखी. रिंग ६५० रुपये, मजुरी ९००.

त्याच दिवशी ब्रेक ऑइलही बदललं. ते हवेतलं पाणी शोषून घेतं आणि पाणी मिसळलं की लवकर उकळतं. डॉट ४ जातीच्या ताज्या ऑइलला किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळी फुटू नये असा दंडक आहे. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी तो १५५ वर येतो. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा. दोन वर्षांनी ऑइल बदलणं आमच्या दमट हवेत मला अजिबात जास्त वाटत नाही.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांना एक विनंती. किल्ली फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि दोन-तीन सेकंदांनी विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर खूश होऊ नका. दिव्याचा बल्ब काढलेला असतो, काळी पट्टी चिकटवलेली असते, किंवा त्याची वायर दुसऱ्या एखाद्या दिव्याला जोडून दिलेली असते, म्हणजे दोघे एकदम लागतात आणि एकदम विझतात. असं करणारा माणूस पुढच्या मालकाच्या जिवाशी खेळतो, याहून सौम्य शब्द मला सापडत नाही.

काम झाल्यावर तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही सड्यावरच्या रिकाम्या रस्त्यावर गेलो. पाऊस भुरभुरत होता. मागेपुढे कोणी नाही हे बघून चाळीसचा वेग घेतला आणि ब्रेक जोरात, एकदाच, दाबून धरला. पायाखाली तीच कर्रर्र. गाडी सरळ राहिली, ओल्या डांबरावर स्टिअरिंग थोडं डावीकडे नेलं तर डावीकडे वळली, आणि थांबली. मग मारुती मंदिरापर्यंत आलो. सर्कलला सिग्नलपाशी ब्रेक अलगद दाबला. पेडल शांत होतं.